पाण्याच्या दिवसाची सहल

आमच्या शहरात सहल ठरवायची तर माणूस आधी कॅलेंडर बघत नाही, नळ बघतो. पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घर सोडायचं नाही, मग बाहेर सख्ख्या मावशीचं लग्न का असेना. पाहुण्यांना सुद्धा आम्ही फोनवर आधी विचारतो, तुमच्याकडं पाणी कधी आहे, आणि मग या म्हणतो. माझ्या शेजारणीनं एकदा लाईनीला मोटर लावून माझं पाणी ओढलं, तर मी तिच्या मोटरीची वायर कात्रीनं कापली. ती अंगावर आली तेव्हा तिच्या झिंज्या धरून तिला तिच्याच फाटकावर आपटलं. कपाळाला टाके पडले तिच्या. आजही मी समोरून आले की ती बाई रस्ता बदलते, आणि खरं सांगू, मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

तर अशी मी. आणि अशा बाईला गेल्या चैत्रात पंधरा दिवस गोड बोलायचं होतं.

माझं औरंगपुऱ्यात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन मशीन, एक पंखा अन् एक पडदा. पडद्यामागं बायका माप द्यायला उभ्या राहतात, आणि तिथं मी जेवढं बघितलंय तेवढं एखाद्या डॉक्टरनं बघितलं नसेल. माझी धाकटी बहीण उस्मानपुऱ्यात दिलेली. ती गुढीपाडव्याच्या आधी ब्लाउजपीस घेऊन आली आणि म्हणाली, "आक्का, मागून गळा पार मानेपर्यंत बंद घे. बाह्या कोपराच्या खाली."

"चैत्रात? उकडून मरशील की!"

"असू दे."

मी टेप पाठीवर टाकला आणि ती आक्रसली. वीस वर्षं मापं घेतीय मी, गुदगुल्या झालेलं अंग वेगळं आणि दुखणारं अंग वेगळं, हे मला कळतं. मी काही न विचारता तिचा पदर काढला, हूक सोडले. पाठीवर निळे-काळे पट्टे, बोटभर रुंद, एकाखाली एक, मशीनवर टीप मारल्यासारखे सरळ. रागाच्या भरात मारलेलं असं सरळ येत नसतं. हे सावकाश मारलेलं होतं.

"कशानं?"

"नळीनं. गच्चीवरची पाण्याची."

"का?"

"पाणी सांडलं म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोठी कात्री उचलली आणि चपला घालायला लागले. तिनं माझे पाय धरले, अक्षरशः. म्हणाली, आक्का, तू आत्ता गेलीस तर रात्री मी मेले.

आमचे जावईबापू म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांड नाही. ऑफिसात चांगली नोकरी, कपाळाला गंध, सगळ्यांशी अहो-जाहो. आमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अजिंठ्याजवळच्या आमच्या खेड्यापर्यंत स्वतः गाडी करून गेले आणि तिला उचलून आणलं. आई अजून त्यांचं नाव काढलं की हात जोडते. मारायचे ते झाकल्या अंगावर, आणि मारून झालं की स्वतः हळदीचं दूध आणून द्यायचे. पाण्याचं तर त्यांना वेडच होतं. घरात किती मग पाणी कशाला लागलं ते त्यांना सांगावं लागायचं. पाणी यायच्या दिवशी ते अर्धी रजा टाकायचे, मोटर स्वतः लावायचे, गच्चीवरच्या दोन्ही टाक्या स्वतः भरायचे. बायकोवर त्यांचा विश्वास नव्हता. तिला तीन वर्षं असा तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, आणि मला, सख्ख्या बहिणीला, याच शहरात राहून पत्ता नाही!

आणि मी काही नुसती बहीण नव्हते. बाप लवकर गेला, आई दिवसभर रानात. धाकटी चार वर्षांची आणि मी बाराची. तिला न्हाऊ घातलं मी, शाळेत घातलं मी, वळण लावलं मी. हात माझा तेव्हापासूनच जड. चुलीपाशी बसून एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्या हातात फुंकणी. ती हट्टाला पेटली की फुंकणी बसायची पायावर. माझा एकच नियम होता: रडलीस तर अजून एक. दोन-चार महिन्यांत पोरगी अशी तयार झाली की बायका म्हणायच्या, काय गुणाची लेक आहे, रडत म्हणून नाही. मी हे लग्नाकार्यात कौतुकानं सांगायची. माझ्या हाताखाली शिकली म्हणून नर्सिंगपर्यंत गेली, असंही म्हणायची.

नर्सिंग झालेलं होतं तिचं, तेवढीच एक वाट होती. लग्नानंतर नोकरी सोडायला लावली होती त्यांनी. तिची एक जुनी मैत्रीण नाशिकला होती, तिनं तिथल्या एका दवाखान्यात शब्द टाकला. राहायला खोलीसकट जागा. पण महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. तक्रार करू म्हटलं की धाकटी हात जोडायची. "आधी मला लांब जाऊ दे आक्का, मग तुला काय करायचं ते कर." म्हणजे प्रश्न एवढाच होता, तिला सोमवारपर्यंत नाशिकला पोचवायची कशी. जिला भाजी आणायला जातानाही वेळ सांगावी लागायची, तिला.

म्हणून आम्ही सहल काढली.

म्हैसमाळ पहिलं सुचलं. आमच्या उशाचंच थंड हवेचं ठिकाण, उन्हाळ्यात सगळं शहर तिथं पळतं. पण म्हैसमाळला जायला बॅग कशाला लागते, संध्याकाळी परत या, असं ते म्हणणार. मग मी वणीचा गड काढला. डोंगर तर डोंगर, देवी तर देवी, आणि नाशिक तिथून दीड-दोन तासांवर. पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी ओसरली होती. शनिवारी निघायचं, दोन रात्री वर राहायचं, वाऱ्याला बसायचं, आणि सोमवारी पहाटे खाली उतरून तिला परस्पर पोचवायचं. आमच्या घरच्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, स्वतःची गाडी आहे, ते भाड्यानं चालवतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तू फक्त तोंड आवर."

मी आवरलं की! आंब्याचं लोणचं घेऊन गेले त्यांच्या घरी. सोफ्यावर बसून म्हणाले, "जावईबापू, मी गडावर नवस बोललेय. धाकटीची कूस उजवली तर ओटी भरीन म्हणून. आता म्हटलं आधीच जाऊन देवीला आठवण करून द्यावी. पोरीला सुट्ट्या आहेत, आम्ही तिघं जातोच आहोत, हिला पण दोन दिवस थंड हवेला नेऊन आणते." देवीचं नाव घेतल्यावर तो माणूस नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तो नाही म्हणालाच नाही.

"अहो आक्का, केवढं करता तुम्ही हिच्यासाठी! पण ओटी जोडीनंच भरली पाहिजे. मी पण येतो."

बोंबला! करायला गेले गणपती अन् झाला मारुती. मीच मुलाचा विषय काढला, मग बाप मागं कसा राहील? धाकटी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्या हातातल्या कपबशा वाजायला लागल्या. ते तिच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "सांभाळून. सांडशील."

तो शेवटचा शब्द मी ऐकला. तरी मी हसले. दात ओठात रुतवून हसले, घरी जाऊन बघते तर ओठाला रक्त.

मग डोकं चालवलं मी. त्यांच्या गल्लीत पाणी शनिवारी येणार होतं. या शहरातला कुणी शहाणा माणूस पाण्याच्या दिवशी गाव सोडत नाही, म्हणून मी नेमका तोच दिवस धरला. फोनवर लाडीगोडी लावली, "अगं बाई, शनिवारी तुमच्याकडं पाणी का? आता काय करायचं, आमच्या घरच्यांना पुढं भाडी आहेत, गाडी फक्त शनिवार ते सोमवारच मोकळी." पलीकडं जावईबापूंनी टाक्यांचा हिशोब केला. मग म्हणाले, "मग मी थांबतो. हिच्या भरवशावर टाक्या सोडता येत नाहीत. तुम्ही जाऊन या. ओटी पुढच्या वेळी जोडीनं भरू, तुम्ही फक्त दर्शन घ्या." मी फोन ठेवला आणि दुकानातल्या दुकानात फुगडी घालायची बाकी ठेवली.

देवीला अकरा वार साडी लागते. मी हिरवी साडी आणली, घडी घातली, आणि घडीच्या पोटात धाकटीची नर्सिंगची सगळी सर्टिफिकेटं ठेवून वरून धावदोरा घातला. देवीची साडी कोण उसवून बघतंय? दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. कुटताना मी त्या माणसाचं डोकं आहे असं समजून बत्ता हाणत होते. माझी मुलगी, नववीतली, म्हणाली, "आई, खलबत्ता फुटेल." मी म्हटलं, "फुटू दे."

आणि शुक्रवारी सकाळी पाणी आलं!

एक दिवस अलीकडं. का आलं ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. दुपारी अडीचला धाकटीचा फोन, आवाज पार खोल गेलेला. "आक्का, टाक्या भरल्या. ते म्हणतात, आता मी मोकळा. त्यांनी त्यांची बॅग भरली. आत्ता केस कापायला गेलेत."

माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं. मी तिला तशीच पडद्यामागं ठेवून रस्त्यावर आले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दुसरा काही विचारच आला नाही, तोंडातून निघून गेलं: "टाक्या सोड."

"काय?"

"गच्चीवर जा. खालची तोटी उघड दोन्ही टाक्यांची. सगळं पाणी जाऊ दे. मग त्यांना टँकर मागवावा लागेल, तो उद्याशिवाय येत नाही, आणि त्याच्यासाठी घरी कुणीतरी लागतं. झक मारत थांबतील."

आमच्याकडं पाणी सांडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घालतो, आंघोळीचं संडासात टाकतो. आणि मी तिला दोन टाक्या गटारात सोड म्हणत होते, तिच्या त्या घरात. ती एवढंच म्हणाली, "तोटी गंजलीय. पाना लागेल."

"मग घे पाना! एवढं पण मीच सांगू?"

ओरडले मी तिच्यावर. ती "व्हय" म्हणाली आणि फोन ठेवला.

आता मला कुणी विचारावं, तुला एवढी अक्कल, मग पाणी गेल्यावर मार कुणाला बसणार हे कसं सुचलं नाही? नाही सुचलं. शनिवार कसा वाचवायचा एवढंच दिसत होतं, शुक्रवारची संध्याकाळ दिसलीच नाही. त्या दिवसापासून रोज सुचतंय.

तीन वाजता फोन केला, उचलला नाही. सव्वातीनला केला, नाही. साडेतीनला दुकानाचं शटर अर्धं ओढून मी स्कूटी काढली. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून उस्मानपुरा गाठेपर्यंत किती रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि किती दिल्या, काही आठवत नाही.

त्यांच्या गल्लीत शिरले तर जत्रा. पन्हाळीतून धो धो पाणी पडत होतं आणि खाली बायकांची रांग, बादल्या, हंडे, पातेली, एकीनं तर कुकर आणला होता. चैत्राच्या उन्हात आभाळातून पाणी पडल्यासारखे चेहरे त्यांचे. कुणीतरी न्हाव्याच्या दुकानात जाऊन त्यांना हाक मारली होती, साहेब, तुमच्या टाकीला गळती लागली, पळा. अर्धे केस कापून ते तसेच आले होते म्हणे.

मी जिना चढले. दोन मजले, पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, एकदा गुडघ्यावर आपटले. गच्चीच्या दारापाशी पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. ओल्या कपड्यावर ओली नळी बसल्याचा आवाज. मग त्यांचा आवाज, शांत, पोराची उजळणी घेतात तसा.

"किती लिटरची टाकी?"

फाट.

"बोल. एक टाकी किती लिटरची?"

फाट.

"दोन मिळून किती?"

धाकटी टाकीला दोन्ही हात लावून उभी होती, पाठ त्यांच्याकडं. मी शिवलेला तो बंद गळ्याचा ब्लाउज पाठीवर उसवला होता. ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, डोळे घट्ट मिटलेले, गाल फुगवून श्वास कोंडलेला. नळी बसली की अंग हलायचं, पण तोंडातून हूं नाही. मला त्या क्षणी काय वाटलं असेल? वाटलं, बाई, काय धीराची आहे! लाज वाटते सांगायला, पण हेच वाटलं.

पाना टाकीपाशी पडला होता. तिनंच तोटी उघडायला आणलेला, हातभर लांब, लोखंडी. मी तो उचलला. त्यांनी मला बघितलं आणि त्याही परिस्थितीत म्हणाले, "या आक्का, बघा तुमच्या बहिणीचे उद्योग." मी पाना त्यांच्या गुडघ्यावर हाणला. सगळी ताकद लावून. हाड वाजलं. ते खाली बसले, मग आडवे झाले, पाण्यात. नळी अजून हातात होती तर मी त्या हातावर हाणला. बोटं अशी उघडली जशी काही देतायत मला. "किती लिटर?" मी विचारलं. "सांग ना रे भाड्या, किती लिटर?" ते ओरडायला लागले. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं, खोटं बोलणार नाही, आंघोळ केल्यासारखं बरं वाटलं. मी पाना दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, आणि तो कुठं बसणार होता ते मला नीट माहीत होतं.

माझं मनगट धाकटीनं धरलं.

"डोक्यात नको आक्का. मरतील."

"मरू दे!"

"नाय. मला सोमवारी कामावर जायचंय."

ती खाली बसली आणि त्या माणसाचा गुडघा तपासला! दोन बोटांनी चाचपून म्हणाली, वाटी सरकली. दोरीवरची ओढणी काढली, पाण्यात भिजवून घट्ट बांधली, पाय सरळ ठेवला. तो तिला शिव्या देत होता आणि ती गाठ मारत होती. मी म्हटलं, तुला काय शरम आहे का गं, याला पट्टी बांधतीस? तिनं दुसरी गाठ मारली.

आरडाओरड्यानं गल्लीतले चार पुरुष जिन्यात आले होते. त्यांच्या पुढं शेजारच्या घरातली खाला होती, सत्तरीची, एका हातात रिकामी बादली. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा धाकटीच्या पाठीकडं, एकदा माझ्या हातातल्या पान्याकडं. मग मागं वळून त्या माणसांना म्हणाली, "कुछ नै बाबा, पानी का झगडा है. चलो, अपने अपने घर जाओ." आणि गेले की सगळे! पाण्याचं भांडण म्हटल्यावर आमच्या शहरात कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. डोकी फुटतात पाण्यावरून इथं.

ते गेल्यावर खालानं दार लोटलं. "लेके जा इसको," मला म्हणाली. "तीन साल से दीवार के उधर सुन रई मैं. ये रोती भी नै थी. मेरे कू लगता था मेरे कान खराब हैं. जा, इनकू मैं दवाखाने भिजाती."

सहल शनिवारी सकाळी निघायची ती शुक्रवारी संध्याकाळी पाचला निघाली. बॅगा तयारच होत्या.

तिचं पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. सोमवारी सकाळी ती वेळेवर हजर झाली. साडी उसवून सर्टिफिकेटं काढली आणि साडी देवीला दिली. धाकटी अजून नाशिकलाच आहे, बरी आहे, नवऱ्यावर केस सुरू आहे. त्यांनी दवाखान्यात सांगितलं, ओल्या गच्चीवर पाय घसरला. इज्जतदार माणूस, बायकांकडून मार खाल्ला असं कसं सांगणार? अजून लंगडतात. आईला मी खरं सांगितलं, तर तिनं मला वर्षभर घरात घेतलं नाही, जावयाचा पाय मोडला म्हणून.

पण मला सांगायचंय ते गाडीतलं.

घरचे गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. मागं धाकटी आणि माझी मुलगी. धाकटीला मी माझा सैल गाऊन घातला होता, पाठीला काही टेकू नये म्हणून ती पुढं वाकून बसलेली. वैजापूरपर्यंत मी सारखं मागं बघत होते, कुणी येतंय का. वैजापूर सोडलं आणि दिवस मावळायला लागला, खिडकीतून जरा गार वारा आला. तेवढ्यात मागून आवाज आला. आधी मला वाटलं, गाडीचंच काही वाजतंय. मग कळलं, धाकटी रडतीय. तीन वर्षांचं एकदम आलं होतं. तोंड उघडून, मोठ्यानं, लहान पोरासारखं. तिच्याबरोबर माझी मुलगी पण मुसमुसायला लागली.

आणि माझं डोकं सटकलं. का सटकलं? सुटलो होतो, गाडीत बसलो होतो, आता रडायचं काय कारण! रस्त्यावर ट्रक, मागं कोण आहे माहीत नाही, आणि या दोघींचं हे. मी सीटवरून मागं वळले, हात उगारलेला होता माझा, कधी उगारला मला कळलं नाही, आणि ओरडले, "गप! एकदम गप! आवाज बंद!"

आवाज बंद झाला. तोटी आवळल्यासारखा. धाकटीनं डोळे घट्ट मिटले, गाल फुगवले, श्वास कोंडला आणि दोन्ही हात समोरच्या सीटला लावले. गच्चीवर उभी होती तशीच. चुलीपुढं उभी राहायची तशीच. तेहतीस वर्षांची बाई, आणि तिचं ते चार वर्षांचं तोंड माझ्यापुढं. तिच्या शेजारी माझी चौदा वर्षांची पोरगी, डोळे मिटलेले, गाल फुगवलेले, श्वास कोंडलेला. दोघी सारख्या.

घरच्यांनी आरशात बघितलं आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली. माझा हात अजून वरच होता. तो खाली आणायला मला लई वेळ लागला.

त्या माणसानं तिला गप्प राहायला शिकवलं नव्हतं. त्याला ती शिकलेलीच मिळाली होती. शेजारच्या भिंतीपलीकडं ऐकू गेलं असतं, मला चार गल्ल्या सोडून कळलं असतं, पहिल्याच महिन्यात कळलं असतं, ती एकदा जरी मोठ्यानं रडली असती तर.

मी उतरले, मागचं दार उघडलं, खाली रस्त्याच्या मातीत बसले. तिच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेले तर तिचं कोपर डोक्यावर गेलं. मी हात मागं घेतला आणि मांडीखाली दाबून बसले. "रड गं बाई," मी म्हटलं. "मोठ्यानं रड. मी काही म्हणणार नाही. रड."

ट्रक जात होते. ती बराच वेळ प्रयत्न करत होती, तोंड उघडत होती, मिटत होती. मग माझ्याकडं बघून, काहीतरी चुकल्यासारखं, हळूच म्हणाली, "आता येत नाही गं, आक्का."